हाक मारायची नाही

१२ जून

वहिनीचे गुडघे? दुखतात, पण चालते. जनेलचा खोकला? उतरला. धाकट्याच्या बाळाचा ताप? गेला एकदाचा! सकाळी सगळ्यांची विचारपूस केली आणि सवयीने दादाचीही जिभेवर आली. गिळली.

दादा जाऊन महिनाही झाला नाही. त्याचं नाव आता घ्यायचं नाही, इथेही लिहायचं नाही. घेतलं की गेलेला माणूस मागे वळतो, त्याची वाट चुकते. जनेल त्याची लेक, तीसुद्धा नुसतं 'बाबा' म्हणते.

उद्या पर्यटकांचं मोठं जहाज येतंय. पाहुण्यांना रानात न्यायचं — पहिल्यांदाच दादाशिवाय.

१३ जून, दुपार

जनेल गाडीतून दोर आणायला गेलीय, तोवर लिहिते. नाही लिहिलं तर छाती फुटेल.

सकाळी रानात शिरण्याआधी नेहमीसारखा ओल्या पानांचा धूर केला. एकेकाने आपलं नाव सांगायचं, मी ते आमच्या बोलीत रानातल्या पूर्वजांना कळवायचं — हा अमका, पाहुणा आहे, सांभाळा. शेवटी निळ्या टोपीचे आजोबा आले. एकटेच प्रवासाला निघालेले. हसून नाव सांगितलं — दादाचंच नाव!

ते तोंडातून काढणार कशी! पूर्वजांना काही कळवलंच नाही. उलट त्यांना रांगेच्या शेपटाला धाडलं, कोणी माझ्या कानाशी त्यांना नावाने बोलावू नये म्हणून.

"आत्या, त्यांची ओळख राहिली," जनेल म्हणाली.

"गप, चल!"

ओढ्यापाशी चहाला बसलो, तर आजोबा नाहीत.

बाकीच्यांना बसने बंदरावर पाठवलं. पोलीस यायला वेळ आहे. ओळख न दिलेलं माणूस रानात एकटं! देवा, हे मी काय केलं!

१३ जून, संध्याकाळ

"आजोबा! ओ टोपीवाले!" ओरडून ओरडून घसा बसला. वेताच्या काट्यांनी हात सोलले. त्यांना कसं कळणार की हे आपल्यालाच बोलावतात! ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं.

जनेल थांबली. "आत्या, नावाने हाक मार."

"तुझ्या बाबाचं नाव आहे ते, पोरी!"

"बाबा असता तर एव्हाना मारली असती. भित्री भागूबाई!"

मारली. जिवाच्या आकांताने, पूर्ण नावाने.

आणि ओ आली! ओढ्याच्या वरच्या अंगाने, स्पष्ट. धावत सुटलो. आजोबा एका मोठ्या झाडाच्या मुळांत पडलेले, डोकं फुटलेलं, डोळे मिटलेले — पण श्वास चालू! पोलिसांनी झोळी करून नेलं.

आता वहिनीला काय तोंड दाखवू?

१४ जून

सांगितलं. रडली. मी अंगणाबाहेर पाऊल टाकलं नाही. पान हललं तरी दचकते.

१५ जून

इस्पितळातल्या नर्सचा फोन. आजोबा वाचले! पडताक्षणीच शुद्ध हरपली होती म्हणे, आज सकाळी पहिल्यांदा तोंड उघडलं. मी म्हटलं, अगं, त्यांनी ओ दिली म्हणून तर सापडले. "शक्यच नाही, मावशी," म्हणाली.

जनेल जवळ सरकून बसली. "आत्या, मग ओ कोणी दिली? तेव्हा नव्हती भीती वाटली. आता वाटतेय."

माझं उलटं झालंय.