पट भरायला घेतलेली पोर

गुरुजी, तुम्ही मला शाळेत का घातलंत, हे मला अजून कळलेलं नाही. माणूस चांगलं वागला की मला आधी त्याच्या मागचं कारण दिसतं. हा गुण माझ्या वडिलांचा, आबांचा. तुम्ही पहिल्यांदा आमच्या कांद्याच्या वाफ्यापाशी आलात तेव्हा आबांनी तुम्हाला धड बसायलाही सांगितलं नाही. तुम्ही गेल्यावर म्हणाले, "मास्तरला पट भरायचा हाय. तपासनी झाली की पोरगी पुन्ना खुरप्यालाच."

आबांचं खोटं नव्हतं. देवळात भरणारी आपली बोर्डाची शाळा, आणि पट वाढल्याशिवाय दुसरा मास्तर मिळत नव्हता. तपासणीच्या दिवशी शेजारच्या वाडीवरची पोरं बैलगाडीतून येऊन आमच्यात बसली. मी पुढं बसलेय, साहेब माझ्या शेजारच्या पोराला विचारतायत, "तुमच्या गावची यात्रा कुठल्या देवाची?" तो ताठ उभा राहून सांगतो, "म्हसोबाची!" आपल्या गावाचा देव भैरोबा. तुमचा चेहरा चुन्यासारखा झाला. साहेबांनी तुमच्याकडं पाहिलं, देवळाच्या गळक्या छपराकडं पाहिलं, आणि पुढच्या पोराकडं वळले. दुसरा मास्तर मिळाला.

दुसऱ्या दिवशी वाडीची पोरं वाडीला आणि मी वाफ्यात. आबा माझ्याकडं बघून हसत होते. मला फार लागलं ते. दुपारी तुम्ही बांधावर येऊन उभे राहिलात. "आज का आली नाही ही?" मी खुरपं टाकून पळाले, पण मनात म्हटलं, पुढची तपासणी असणार.

चौथीला आले तेव्हा आबांनी नवंच काढलं. "तू पास होऊन साळंतनं गेलीस तर पट कमी पडतोय. दुसरा मास्तर जातोय. बघ, तुला नापास करतंय का न्हाय!" ते मला पटलं. परीक्षेत तुम्ही माझी पाटी हातात घेतलीत तेव्हा मी तुमच्या बोटांकडं बघत होते, एखादा आकडा पुसताय का म्हणून. तुम्ही मला पास केलंत. दुसरा मास्तर गेला, आणि चारही इयत्ता पुन्हा तुमच्या एकट्याच्या गळ्यात पडल्या.

तरी तुम्ही आलात. म्हणालात, हिचं नाव इंदापूरला घालू, राहायची सोय मी बघतो.

"यात तुमचा फायदा काय?" आबा.

"आता काही नाही, आबा."

"फायदा न्हाय तर मानूस येवढं चालत येतंय व्हय?" असं म्हणून आबा आधी स्वतः इंदापूरला जाऊन आले. तिथला हेडमास्तर तुमच्या नात्यातला आहे का, हे विचारून आले! नव्हता. मग आईला म्हणाले, "जाऊ दे तिला."

पुढं मीही मास्तरीण झाले. पटासाठी दारोदार फिरले, आणि प्रत्येक दारात मला आबा भेटले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हा कागद मी कुठल्या पत्त्यावर टाकू? उशीखालीच राहील तो.

एक मात्र सांगते. इंदापूरला निघालो त्या सकाळी तुम्ही माझी ट्रंक डोक्यावर घेऊन पुढं चालला होतात. सडकेला लागेपर्यंत मी सारखी मागं वळून बघत होते, आणखी कुणाकुणाची पोरं तुम्ही गोळा केलीत ते. मागं कुणीच नव्हतं, गुरुजी. मी एकटीच होते.