ताकातलं मीठ

बाबा,

आज प्रयोगशाळेत उंदराची एक बारीक धमनी काचेच्या भांड्यात लावली होती. तिच्या भिंतीतल्या स्नायूपेशी शेजारणींशी बोलतात, म्हणून सगळी नळी एका तालात आवळते आणि सैल होते. प्रत्येक पेशीत पंप असतात, ते सोडियम बाहेर टाकतात, पोटॅशियम आत घेतात. मी औषध घालून ते पंप बंद पाडले. थोड्याच वेळात पेशींमधल्या वाटा मिटल्या, ताल मोडला आणि जी ती पेशी आपली आपली आवळत राहिली. सोडियम म्हणजे आपल्या मिठातलंच. इतकी वर्षं हेच काम करते आहे, तरी भांड्यात डोकावलं की मला तुमचा स्टीलचा थर्मास दिसतो.

नव्वदच्या दशकातला अबू धाबीचा उन्हाळा, मी चौदा वर्षांची. डॉक्टरांचं इंग्रजी समजावायला तुम्ही मला शुक्रवारी क्लिनिकमध्ये नेलंत. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "टेल युवर फादर, प्रेशर इज व्हेरी हाय. नो सॉल्ट, अँड टॅब्लेट्स फ्रॉम टुडे." परतताना लिफ्टमध्ये तुम्ही म्हणालात, "आईला काही बोलू नकोस. प्रेशर कळलं तर नोकरी जाईल. कंपनीचं मेडिकल होऊ दे, व्हिसा रिन्यू झाला की खलास, गोळ्या सुरू." मी म्हटलं, "ओके बाबा, आय प्रॉमिस." तुमचं गुपित फक्त मला ठाऊक, याचा मला केवढा अभिमान वाटला होता.

मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागातल्या वर्कशॉपमध्ये तुमचं दिवसभर वेल्डिंग, अंगातून घामाच्या धारा, म्हणून आई रोज ताक करायची. त्यात मीठ घालून थर्मास भरायचं काम माझं. आता मीठ घातलं तर तुमच्या जिवाला धोका आणि नाही घातलं तर आई विचारणार. चार दिवस घातलं. पाचव्या दिवशी हिय्या करून अजिबात घातलं नाही. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून आलात आणि आईसमोर थर्मास ठेवत मला म्हणालात, "आज अळणी कसं गं? लक्ष कुठे असतं तुझं?" आईही बोलली. तुम्ही मला सांभाळून घ्याल म्हणून मी बघत राहिले, तुम्ही बुटांच्या नाड्या सोडत होतात.

मेडिकलमध्ये पास झालात, तिथे प्रेशर कुणी मोजलंच नाही. क्लिनिकमधून आणलेलं गोळ्यांचं पाकीट मात्र न फोडता तसंच राहिलं आणि दोन महिन्यांनी तुम्ही वर्कशॉपमध्येच कोसळलात. मेंदूत रक्तस्राव, असं कागदावर होतं. आई आजही सगळ्यांना सांगते, उन्हाने गेले. मी शेजारी बसून मान डोलावते. एखाद्या दिवसाच्या मिठाने रक्तवाहिनी फुटत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शांतपणे समजावते आणि घरी आले की माझंच मला पटत नाही.

हे पत्र घडी घालून मी अजून जपलेल्या त्या गोळ्यांच्या पाकिटापाशी ठेवणार आहे. एकच राहिलं, बाबा. तुम्ही रागावलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रागानेच दोन चिमटी मीठ जास्त घातलं होतं. संध्याकाळी तुम्ही रिकामा थर्मास माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "आज कसं, अगदी मस्त झालं होतं."