‘ऑर्फ्रे’च्या डोलकाठ्या

ब्रेस्त, १२ मे १८३३

प्रिय भगिनी पेरीन हिस वडील बंधू गिल्दासचे आशीर्वाद.

कँपेरला चुलतबहिणीकडे तुझी प्रकृती सुधारली असेलच. मुळात ती बिघडली नव्हती, तेव्हा ते कठीण नाही. माझी येथील व्यवस्था उत्तम आहे. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

तू ज्या बातमीच्या धास्तीने गेलीस, ती खरी ठरली. मंगळवारी बंदरातल्या यारीने, त्या ओझी उचलणाऱ्या उंच यंत्राने, ‘ऑर्फ्रे’च्या तिन्ही डोलकाठ्या उपटल्या, आता तिच्यात दोरखंडांचे कोठार होणार. या युद्धनौकेचा इतिहास म्हणजे तुझ्या नकारांचा इतिहास. अँटिलीस बेटांवरच्या लढाईहून ती तोफगोळ्यांनी चाळण होऊन परतली, तेव्हा तिच्यावरच्या तांडेल गुल्वेनने तुला प्रथम मागणी घातली. इंग्रजांनी तिला पकडले आणि आपल्यांनी सोडवून आणले, तेव्हा पुन्हा. अल्जियर्सच्या मोहिमेनंतर पुन्हा. दर वेळी तुझे उत्तर एकच: “तुमची पहिली बायको बंदरात उभी आहे, तांडेल. मी सवत होऊन यायची नाही!”

जहाज आहे तोवर लग्न नाही, ही तुझी अट तर्कशुद्ध होती. परंतु डोलकाठ्या गेल्याने जहाज संपले, एवढेच सिद्ध होते. खलाशाचे मन तिच्यातून सुटले, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. म्हणून त्याच दुपारी मी गुल्वेनला जेवायला बोलावून सशाचे कालवण वाढले. सशाचे नाव काढले तरी जहाज बुडते, अशी या लोकांची श्रद्धा. आपल्या घरीसुद्धा त्याने तो शब्द आजवर कोणाला उच्चारू दिला नव्हता.

त्याने ताटातला एक तुकडा उलटून पाहिला.

“वकीलसाहेब, हा ससा ना?”

“ससाच.”

“मग एवढासाच? जन्मभराची भूक आहे हो, हात जरा सैल सोडा की!”

डोळे पुसत त्याने दोनदा मागून घेतला. याहून बळकट पुरावा मी कोणत्याही न्यायालयात पाहिलेला नाही.

आता तू विचारशील, “दादा, तुमच्याकडे कोण पाहणार?” हा आक्षेप अग्राह्य आहे. घर मोठे वाटते, हे खरे. पण मोठे घर हे कोणाचे लग्न अडवण्याचे कारण होऊ शकत नाही.

हे पत्र मी टपालाने पाठवलेले नाही. ते आणणारा माणूस तुझ्या दारात उभा असेल. तुझे वाचन संपेपर्यंत तोंड उघडायचे नाही, असे त्याला बजावले आहे. आणि गप्प राहणे त्याला किती जड जाते, ते तू जाणतेस. त्याला आत घे.

तुझ्या सुखात वाटा न मागणारा,
गिल्दास