मालनचा हात

घाटकोपर, १२ नोव्हेंबर १९८८

प्रिय नलिनी,

तुझ्या मुलाच्या बारशाला आले नाही, त्याबद्दल माफी मागत नाही. गुडघा दुखत होता हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं.

उपनगरांतल्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघते आहे. खेळांची निवृत्त शिक्षिका रिकामीच असणार, तेव्हा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. चिटणीस अंबादास म्हणाला, "मिस, मुलींचं अर्ध्या पानात आटपा, फोटो पण टाकायचेत." मी विचारलं, मुली काय अर्ध्याच मैदानावर खेळल्या? मुलांना दरवर्षी नवे बूट मिळायचे आणि माझ्या पोरी फाटक्या कॅनव्हासच्या बुटांत पुठ्ठा घालून सिमेंटवर धावायच्या, हे सगळं आठ पानं लिहिलं आहे. एक ओळ कापू दे, मग बघते त्याच्याकडे.

पण एक्याऐंशीच्या अंतिम सामन्याशी येऊन पेन थांबतं. दुपारी लिहायला बसले की मागच्या मैदानावरून चेंडू आपटल्याचा आवाज येतो. खिडकीशी जाते, तर दिवाळीच्या सुट्टीतलं मैदान रिकामं. रिंगला जाळीसुद्धा नाही.

तू ते विसरली नसशीलच. मुलुंडचं मैदान, सात मिनिटं उरलेली, तुझे चार फाउल, मालनचेही चार. तुम्ही दोघींनी एकदमच उडी मारलीत, समोरची पोर पडली, शिट्टी वाजली. पंचांना नंबर दिसला नव्हता. तेव्हाची रीत अशी की जिने फाउल केला तिने आपण होऊन हात वर करायचा. त्या पोरीच्या मनगटावर बसला होता तो तुझा फटका. वर गेला तो मालनचा हात. पाचवा फाउल, मालन बाहेर. तू पुढे अकरा गुण केलेस, आपण करंडक जिंकला. विद्यापीठाच्या संघातली उरलेली एक जागा तुला मिळाली आणि तिच्या जोरावर रेल्वेतली नोकरी. निवड समितीच्या कागदावर तोवर मालनचं नाव तुझ्या वर होतं.

तू एकदा म्हणाली होतीस, "मिस, तिने मैत्रीसाठी केलं. मी तिला तोंड कसं दाखवू?" सात वर्षं तू माहुलला फिरकली नाहीस. ती तिथेच राहते, आईच्या जागी बसून मासे विकते. गेल्या महिन्यात चेंबूरच्या बाजारात मला पाहून तिने हात वर केला. तसाच, कोपरात ताठ. मी माघारी वळणार होते. "मिस, पळता कुठे? गुडघ्याला झेपायचं नाही," म्हणाली आणि बोंबील बांधून दिले. नलिनी कशी आहे, विचारलं. बाकी काही नाही.

मैत्रीसाठी नव्हतं गं ते. शिट्टी वाजल्यावर तिने आधी माझ्याकडे पाहिलं होतं. बाकावरून मी हनुवटीने खुणावलं, हात वर कर. मला करंडक हवा होता, आणि शेवटच्या मिनिटांत बास्केट टाकायला तू हवी होतीस. तिने माझा शब्द कधी मोडला नव्हता, तेही मला ठाऊक होतं. शेवटी काल रात्री हे सगळं नवव्या पानावर लिहून काढलं, तुझ्या फाउलसकट. सोमवारी कागद छापखान्यात जातील. छापलेलं वाचण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. तुला राग येईल, येऊ दे. पण माहुलला जा. जी लाज मला वाटायला हवी होती, ती इतकी वर्षं तू वागवलीस.

तुझीच,
वनमाला मिस