जर्दाळू भरून परत आलेली रेकॉर्ड

मी, नेमतजोन होल्मतोव्ह, राहणार मर्गिलान, तुतीवाला महल्ला, शहराच्या बागेत भोंग्यावर गाणी लावण्याच्या नोकरीतून निवृत्त, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे आणि कान शाबूत आहेत. गुडघ्यांबद्दल कोणी विचारू नये. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली करत नाही. बायको ओयनिसा शेजारी बसून चणे निवडते आहे. "अहो, लिहा निवांत, फक्त जेवणं झाल्याशिवाय मरू नका," एवढंच ती म्हणाली. त्याला दडपण म्हणता येणार नाही.

१. राहतं घर, अंगण, द्राक्षाचा मांडव, तंदूर आणि अंगणातलं जर्दाळूचं झाड ओयनिसाला मिळावं. तिच्या पश्चात मुलगा अवाझबेक याने घ्यावं. बँकेत जे काही आहे ते ओयनिसाला ठाऊक आहे, मला नाही, तेव्हा त्याबद्दल तिलाच विचारावं.

२. माझी खरी मिळकत म्हणजे मागच्या खोलीतली गाणी. रेकॉर्डी, फितीची मोठी चाकं, कॅसेटी आणि तो ग्रामोफोन, ज्याचं झाकण बंद करताना खाली बोट धरावं लागतं. अवाझबेक ताश्कंदहून आला की म्हणतो, "बाबा, ही सगळी गाणी आता फोनमध्ये मिळतात. खोली रिकामी करा, भाड्याने देऊ." मिळत असतील बाबा. पण फोनमधलं गाणं पुसून, फुंकर मारून, दिव्याकडे धरून बघावं लागत नाही, आणि माझं निम्मं ऐकणं त्यातच होतं. खोली भाड्याने देऊ नये.

३. यातली काही गाणी ज्याची त्याला द्यावीत, कारण ती त्या त्या माणसासाठीच जन्माला आली आहेत.

दोंब्रा या दोनतारी कझाक वाद्याची एक रेकॉर्ड आहे. घोडा दौडत येतो आहे असं वाटतं, पण तो शेवटपर्यंत पोचत नाही. ही अवाझबेकला द्यावी. प्रत्येक ईदला तो निघालेला असतो.

जावई शेरमत याला फरगाण्याच्या जुन्या उस्तादाची संथ रेकॉर्ड द्यावी. गायक इतक्या सावकाश वर चढतो की आमच्या घरी पुलाव त्यावरच होतो. पहिल्या आलापाला तेल तापवायचं, आवाज मधल्या पट्टीत आला की गाजर टाकायचं, आणि तो टिपेला पोचून रडायला लागला की तांदूळ. रेकॉर्ड संपली की झाकण. शेरमतचा तांदूळ दरवेळी खाली लागतो, कारण तो घड्याळ बघतो.

चहाखानेवाला कोमिलजोन याला अकॉर्डियनचे वॉल्ट्झ द्यावेत. झाडू हातात घेऊन त्याला त्यावर नाचताना मी पाहिलं आहे. झाडू त्याच्यापेक्षा बरा नाचत होता.

हिंदी सिनेमाच्या गाण्यांचा खोका मात्र फोडू नये, तो ओयनिसाचा आहे. त्यातला एक शब्द आम्हाला कळत नाही. एका गाण्यावर ती दरवेळी डोळे पुसते. एकदा मी म्हटलं, "अगं, तो कदाचित साबणाची जाहिरात करत असेल." ती म्हणाली, "असू दे. साबणावर कोणी इतका जीव लावला तर रडायला नको का?"

४. आता मुख्य गोष्ट. मयताच्या घरात वर्षभर गाणं लावायचं नाही ही आपली रीत आहे. मी ती मोडायला सांगत नाही. पण ओयनिसा रोज सकाळी कणीक मळताना गाणं ऐकते. ज्या दिवशी वीज नसते त्या दिवशीच्या नानला फुगवटा येत नाही, हे मी इतकी वर्षं चघळून सांगतो आहे. मी गेल्यावर तिने वर्षभर मुक्याने कणीक मळावी, हे माझ्याने कबरीतही सोसवणार नाही.

म्हणून ग्रामोफोन आणि उरलेली सगळी गाणी वर्षभरासाठी शेजारच्या अंगणात ठेवावीत आणि रोज सकाळी तिथून मोठ्याने लावावीत. शेजारीही दुःखाच्या घराला मान देऊन आवाज बंद ठेवतात आणि लग्नकार्य असलं तर आधी त्या घराची परवानगी मागतात, हे मला माहीत आहे. ती परवानगी मयत या नात्याने मी आत्ताच देऊन ठेवतो.

५. अडचण एवढीच की शेजारच्या अंगणाचा मालक सोतिवोल्दी आहे.

अवाझबेकला मिसरूड फुटत होतं तेव्हापासून आम्ही बोलत नाही. आता अवाझबेकला टक्कल पडलं आहे. आमच्या लग्नाच्या वर्षी मी ताश्कंदहून एक रेकॉर्ड आणली होती. डफाच्या तालावर एक नवी नवरी किटलीला विनवते, की हळू उकळ, सासूला उठवू नकोस. ओयनिसाचं सगळ्यात लाडकं गाणं. पुढे बऱ्याच वर्षांनी सोतिवोल्दीने ती दोन दिवसांसाठी मागून नेली. परत द्यायच्या आधी त्याने ती साबणाने धुतली आणि वाळायला तंदुरावर ठेवली. रेकॉर्डीची वाटी झाली. आणि खोलगट भांडं शेजाऱ्याकडे रिकामं पाठवायचं नसतं, म्हणून या गृहस्थाने ती पिकल्या जर्दाळूंनी भरून पाठवली.

मी जर्दाळू अंगणात भिरकावले आणि वाटी मागच्या खोलीत ठेवून दिली. दोन्ही अंगणांमधल्या भिंतीत एक बुटकं दार होतं, त्यातून आमची भांडी जात येत असत. त्यात मी विटा लावल्या. त्याने पलीकडून गिलावा केला. त्या कामात मात्र एकमेकांना चांगली साथ होती. ते गाणं पुन्हा बाजारात कुठे मिळालं नाही.

६. सोतिवोल्दीने रेकॉर्डी धुऊ नयेत. वाळवू नयेत. तंदुरापासून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवाव्यात.

७. वरील कलमांना सोतिवोल्दीची संमती हवी म्हणून कोमिलजोनकरवी त्याला निरोप धाडला. मधे एक भिंत असताना सोतिवोल्दी कोमिलजोनला बरोबर घेऊन अख्ख्या महल्ल्याला वळसा घालून पुढच्या फाटकातून आला. जे बोलणं झालं ते पुढे वाद नको म्हणून इथे नोंदवतो.

"नेमत-अका, तुम्ही मरताय असं ऐकलं."

"लगेच नाही. बस."

"मग घाईने कशाला बोलावलंत? जर्दाळू वाळत घातलेत, पाखरं खातील."

मी त्याला कलमं वाचून दाखवली. सहावं ऐकून त्याने टोपी मागे सरकवली.

"धुळीने माखली होती ती. दुसऱ्याची वस्तू मळकी परत द्यायची? आणि तंदूर गार होता."

"गार तंदुरावर वाटी होत नाही, सोतिवोल्दी."

"बरं, कोमट होता."

"आणि वर जर्दाळू?"

"मग काय रिकामी पाठवू? माझ्या आईने मला तसं वाढवलं नाही."

तेवढ्यात चणे निवडता निवडता ओयनिसा म्हणाली, "गोड होते हो फार."

"तू खाल्लेस?"

"तुम्ही फेकलेत, मी वेचले. बिया कोपऱ्यात पुरल्या. सावली कशाची वाटते तुम्हाला?"

ज्या झाडाखाली बसून मी हे लिहितो आहे, आणि ज्याचे जर्दाळू दरवर्षी सोतिवोल्दीच्या नावाने बोटं मोडत खातो, ते हेच. पहिल्या कलमात फरक करण्याची गरज नाही.

सोतिवोल्दीने वर झाडाकडे बघितलं. मग म्हणाला, "ओयनिसा-ओपा, ते किटलीचं गाणं मला सगळं पाठ आहे. ते दोन दिवस मी दुसरं काही लावलंच नव्हतं. रोज सकाळी मी म्हणून दाखवीन."

"आधी मला मरू दे," मी म्हटलं.

पण त्याने सुरुवात केलीच. आवाज गंजलेल्या बिजागरीचा, पण शब्द एकही चुकला नाही. ओयनिसाचे हात चण्यांत तसेच राहिले. डोळे पुसायला तिने डोक्यावरच्या रुमालाऐवजी चण्यांचं फडकं घेतलं आणि भुसा डोळ्यांत गेला, असं तिचं म्हणणं आहे.

८. "यासाठी तुमच्या मरणापर्यंत कशाला थांबायचं?" असं म्हणून सोतिवोल्दीने माझ्याच तंदुराची सळई घेऊन भिंतीतल्या विटा काढायला घेतल्या. दोन ओळी निघाल्या आहेत. चण्यांत माती गेली, ते पुन्हा निवडावे लागतील. सबब चौथं कलम आजपासूनच, मी जिवंत असताना, अंमलात आलं आहे.

९. वाकलेली रेकॉर्ड मी सोतिवोल्दीला कायमची देत होतो. ओयनिसाने ती हातातून काढून घेतली, हलव्याने भरली आणि भिंतीतल्या भोकातून पलीकडे दिली. हलवा गार करून घालायला मी सांगितलं होतं, नाहीतर ती आणखी वाकेल. तेव्हा ती देणगी नसून शेजाऱ्याकडे गेलेलं भांडं आहे, असं समजावं.

१०. ती भरून परत येईपर्यंत हे मृत्युपत्र अंमलात आणू नये. आली तर आम्ही ती पुन्हा भरून पाठवू.

मर्गिलान, जून महिन्यातला दुसरा शुक्रवार, २०१९.

सही: नेमतजोन होल्मतोव्ह

साक्षीदार १: कोमिलजोन, चहाखानेवाला. (झाडूबद्दलचा मजकूर खोटा आहे. बाकी सर्व माझ्यासमोर झालं.)

साक्षीदार २: सोतिवोल्दी, शेजारी. (तंदूर कोमट होता. हलव्यात साखर कमी आहे. वाटी परत करायची मला घाई नाही.)