कप्तान इरावती आणि कमलकाकूंचा गुडघा

वाशी, रविवार, संध्याकाळी सहा

आताच नाटक संपवून घरी आले. हसू आवरत नाहीये, पण एक गोष्ट डोक्यातून जातही नाही.

नाटक मीच लिहिलेलं. समुद्रावर लढणारी कप्तान इरावती आणि तिचे जुन्या ग्रीकांसारखे शिपाई, गोल ढाली, लांब भाले. कप्तान झाली होती तेरखेड्याच्या फटाका कारखान्यातली सुनंदा. आमची ही वाशी समुद्रापासून लांब, दुष्काळी भागातली; समुद्र तिनं पाहिलेला नाही. मी तरी कुठं पाहिलाय? शिपाई म्हणजे आमच्या महिला मंडळातल्या बायका.

शेवटच्या लढाईत सगळ्यांनी ढालीला ढाल भिडवून उभं राहायचं होतं. नेमका तेव्हाच कमलकाकूंचा गुडघा धरला आणि त्या मटकन खाली बसल्या. लोक हसायला लागले. पडद्यामागं मी गार.

सुनंदाचं वाक्य होतं, "शूरांनो, उभे राहा, मृत्यूही आपल्याला नमवणार नाही." ते ती बोललीच नाही. काकूंपाशी जाऊन म्हणाली, "बसा तुमी, काकू. ढाल तेवढी वर धरा. बाकीचं आमी बगतो." आणि त्यांच्या पुढं उभी राहिली. बाकीच्या बायका आपोआप दोघींभोवती सरकल्या. हसणं थांबलं. मग टाळ्या, लई वेळ.

नंतर सुनंदा म्हणाली, "बाई, वाक्य चुकलं माज्याकडून. रागावलात काय?"

रागावू कशी? तीन महिने लिहून मला माझी कप्तान कळली नव्हती. ती गुडघ्याकडं बघणारी बाई आहे, हे मला कसं सुचलं नाही? माझं वाक्य खोडलं, तिचं लिहिलं.

मग काकूंना फोन केला. पुढच्या प्रयोगात बसूनच लढाल का?

"लढते की. पण मरणार न्हाय, सांगून ठेवते."