साडेदहाची फुलं

कोल्हापूर,
रविवार, जेवण झाल्यावर

मेहेरबान साडू शहजादभाई यांस,
ख्वाजा नदाफचा चंदगडपर्यंत ऐकू जाईल असा सलाम.

वि. वि. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. हुस्नाचा गुडघा टाके काढल्यापासून रोज थोडा थोडा जास्त वाकतो (मी कोनमापक लावून वहीत नोंद ठेवतो, त्यावर ती काय बोलते ते नोंदवत नाही). तुमचा खोकला, सबिना आपांची कवळी, काजूची झाडं आणि मला सतरा वर्षांत न ओळखणारा तुमच्या दारातला कुत्रा, सर्वांची तब्येत ठीक असेल अशी आशा आहे. तुमचा कॅमेराही खुशाल आहे. सध्या विश्रांती घेतो आहे. फोन न करता मुद्दाम पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मला मधेच तोडता आणि हा विषय मधे तोडण्यासारखा नाही. थोडक्यात सांगायचं तर मी जिंकलो. आता सविस्तर सांगतो.

दवाखान्यातला तो दिवस तुम्ही विसरला असलात तरी मी विसरलेलो नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं डबा घेऊन आला होता. हुस्ना गुंगीत होती आणि गुंगीतच म्हणाली, “अकरा वर्षं त्या तळ्याभोवती चालले, पण त्यातलं एक फूल कधी उघडलेलं बघितलं नाही. आता काय बघणार.” आमच्या घरामागच्या सार्वजनिक बागेत ते छोटं तळं आहे, तुम्ही पाहिलंय. त्यात लिलीची गुलाबी फुलं येतात. (लोक त्यांना कमळ म्हणतात. कमळाचं पान पाण्यावर उभं राहतं, हिचं पाण्यावर बसून राहतं. हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं, त्यामुळे तुम्हालाही नसणार.) घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि डॉक्टरांनी जिना बंद केलेला. बायकोचा आवाज तसा कधी ऐकला नव्हता. मी तिथल्या तिथे म्हणालो, “फूल घरात आणतो. फोटो काढून.” त्यावर तुम्ही, नर्ससमोर, म्हणालात की आमच्या मेहमुदाच्या लग्नात ख्वाजाभाईंनी चाळीस फोटो काढले आणि त्यातल्या एकात नवऱ्या मुलाला डोकं आहे. वर स्वतःचा कॅमेरा दिलात आणि सोबत सोळा सूचना. त्यातली पहिली, पट्टा गळ्यातून काढायचा नाही. शहजादभाई, तुमच्या मांडवाची झालर खाली आली होती हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

कागलच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं मी कास्टिंगचा ओतीव माल तपासलाय. केसाएवढी चीर असली तरी लाल खडूची फुली. तेव्हा हे कामही पद्धतशीरच सुरू केलं. रोज सकाळी सहाला तळ्यावर हजर, वहीत तारीख, वेळ, हवामान, फुलांची संख्या, फुलांची अवस्था. चौदा दिवस शेवटच्या रकान्यात एकच शब्द आहे, ‘बंद’. संध्याकाळी साडेचारला फाटक उघडल्या उघडल्या जाऊन पाहिलं, तरी बंद. मला वाटलं मालातच दोष आहे. पंधराव्या दिवशी बाग झाडणाऱ्या शालूबाई माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. त्या म्हणाल्या, “कशाची वाट बघतायसा?” मी म्हटलं, फुलं उमलायची. तर त्या हसायलाच लागल्या. “उमलत्यात की. साडेधाला उमलत्यात आनि साडेतीनला मिटत्यात. तुमी समदी गेल्यावर.”

आता बागेच्या फाटकावरची पाटी ऐका. सकाळी पाच ते साडेनऊ, संध्याकाळी साडेचार ते आठ. दुपारी बंद. म्हणजे जनता आत असते तेव्हा फुलं बंद, आणि फुलं उघडतात तेव्हा जनता बाहेर. फुलांची जनरल शिफ्ट आणि आपली पहिली नाहीतर दुसरी. गाठ पडायचीच नाही. अख्ख्या पेठेत ती फुलं उघडलेली पाहिलेली माणसं दोनच, शालूबाई आणि रखवालदार गुंडू, आणि दोघांनाही त्याचं काहीच वाटत नव्हतं. कळंब्याच्या तलावावर जा, तिथं फाटक नाही, असं मला चौघांनी सुचवलं. पण हुस्नाला ‘एखादं फूल’ बघायचं नव्हतं. अकरा वर्षं जे तिच्याकडे पाठ करून बसलं होतं, ते बघायचं होतं. मी तीन वेळा साडेनऊला घसरगुंडीच्या मागे लपून राहिलो. (वय एकसष्ट. ही ओळ सबिना आपांना वाचून दाखवू नका.) तिन्ही वेळा गुंडूनं शिट्टी मारून, “पावणं, चला भायेर, नियम हाय,” म्हणत मला दंडाला धरून फाटकापर्यंत पोचवलं. माणूस सज्जन, पण नियमाचा पक्का. मी कारखान्यात असाच होतो, त्यामुळे रागावताही येईना.

शेवटी हंबीररावांकडे गेलो. हे आमच्या कोपऱ्यावरच्या तालमीचे अध्यक्ष. एकेकाळचे पैलवान, आता गुडघे गेले आहेत, त्यामुळे हुस्नाची गोष्ट ऐकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, “वहिनींसाठी एवढं करतायसा? मग आमी काय मेलोय व्हय?” दोन दिवसांत बाग कार्यालयाची लेखी परवानगी माझ्या हातात. शुक्रवारी दुपारी अकरा ते बारा, एक व्यक्ती, एक कॅमेरा. मी त्या रात्री तुमच्या सोळा सूचना पुन्हा वाचल्या.

शुक्रवारी पावणेअकराला बागेशी पोचतो तर फाटकाला आंब्याची पानं. आत सतरंजी, दोन खुर्च्या, एक माईक आणि तालमीची पंचवीस-तीस पोरं. शहजादभाई, मी एक गोष्ट विसरलो होतो. कोल्हापुरात परवानगी मिळणं सोपं, पण सत्काराशिवाय आत जाणं अवघड. आधी मला फेटा बांधला. मग शाल. मग नारळ. मग हंबीररावांनी कलेवर पस्तीस मिनिटं भाषण केलं, त्यातली तीस कुस्तीवर होती. माझं लक्ष घड्याळाकडे. आणि सगळ्यात शेवटी गुंडू पुढे आला, गुडघ्यापर्यंत ओला, चेहऱ्यावर नव्या नवरदेवासारखं तेज. त्यानं माझ्या हातात गुच्छ दिला. सात लिलीच्या कळ्या, देठांना लाल रेशमी दोरा. “बाजारातला गुच्छ आनायचा न्हाय म्हणलं. साहेबांस्नी तळ्यातलीच द्यायची. सकाळी आठलाच उतरलो, एकबी सोडली न्हाय.”

पाहुण्याला जे आवडतं ते तोडून त्याच्या हातात द्यायचं, हा आपल्याकडचा मान आहे. मी तो मान हातात धरून, फेट्याशालीसकट, रिकाम्या तळ्याकडे बघत उभा होतो. गुंडूनं तळं घासूनसुद्धा काढलं होतं. पानं फडक्यानं पुसली होती. तो माझ्या तोंडाकडे असा बघत होता, की मी म्हणालो, “फार सुंदर.” एकतीस वर्षांत नापास माल मी पहिल्यांदाच पास केला.

आणि मग दिसली. तळ्याच्या पार मधोमध, जिथे गुंडूचा हात पोचला नव्हता, तिथे एक, पूर्ण उघडलेली. आधी कधी न पाहिल्यामुळे क्षणभर ओळखलीच नाही. गुलाबी पाकळ्यांच्या आत पिवळा धमक दिवा लावल्यासारखा, आणि त्यात एक मधमाशी बाजारात आल्यासारखी फिरत होती. शहजादभाई, मला रडू आलं. हुस्ना अकरा वर्षं यापासून तासाभराच्या अंतरावरून परत जात होती. काठावरून फोटो काढला असता तर तुम्हीच म्हणाला असता की ठिपका आलाय. म्हणून मी बूट काढले, पँट वर केली आणि तळ्यात उतरलो. (पट्टा गळ्यात होता का, असं तुम्ही विचारणार. फेट्यावरून पट्टा खाली येत नव्हता आणि फेटा काढणं म्हणजे हंबीररावांचा अपमान. तेव्हा कॅमेरा हातात होता. हात मजबूत आहे.) काठावर पोरं शिट्ट्या मारू लागली. हंबीरराव माईकवरून, “डाव्या अंगानं घ्या, डाव्या अंगानं,” असं कुस्तीतलं मार्गदर्शन करू लागले. पाणी कमरेपर्यंत आलं. मी श्वास रोखला, नेम धरला आणि बटण दाबलं.

त्यानंतर काठाकडे येताना थोडा घसरलो. घासलेल्या फरशीवर पाय ठरत नाही. पण ते फोटोनंतर, त्यामुळे ते या गोष्टीत धरायचं कारण नाही. मला उचलून काठावर आणलं तेव्हा माझा उजवा हात पाण्याच्या वरच होता, याला तीस साक्षीदार आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच स्टुडिओत गेलो. फोटो बारा बाय अठरा करून घेतला, मग आठवडाभर फ्रेमवाल्याकडे खेटे घातले. काल तो हुस्नाच्या पलंगासमोर लावला. ती बराच वेळ बघत राहिली आणि “वा” म्हणाली. चौतीस वर्षांच्या संसारात हा शब्द मला पहिल्यांदा मिळाला. फोटो अप्रतिम आला आहे. थोडी धुक्यासारखी छटा आहे, पण ती कला आहे. तुमच्यासाठी वेगळी प्रत काढली आहे, सोबत पाठवतोय. दिवाणखान्यात, मेहमुदाच्या लग्नाच्या फोटोंशेजारी लावावी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रगती दिसेल. तो गुच्छ मी वैतागून न्हाणीघरात ठेवला होता, तो हुस्नानं घमेल्यात पाणी घालून गॅलरीत ठेवला. बायकांना काही टाकवत नाही.

सबिना आपांना सलाम, मेहमुदाला दुआ, कुत्र्याला माझा फोटो दाखवून ठेवा.

आपला, आता तुमच्या बरोबरीचा,
ख्वाजा

ता. क. घरातला तांदूळ संपला आहे. म्हणजे आहे, पण सध्या कामात आहे. ईदला तुम्ही पाठवलेल्या तुमच्या शेतातल्या तांदळाच्या डब्यात एक वस्तू सुकायला ठेवली आहे. आज नववा दिवस. तरी दहा किलो चंदगडच्या एसटीनं पाठवावा. वर लिहिलेला उजवा हात खरोखरच पाण्याबाहेर होता. कॅमेरा डाव्या हातात होता. त्यातलं कार्ड तेवढं वाचलं, बाकीचं अल्लाच्या मर्जीवर.

ता. क. दुसरा. दुलाभाई, सलाम. मी हुस्ना. हे पाकिटासाठी डिंक आणायला खाली गेलेत, तेवढ्यात लिहिते. सोबतच्या फोटोत पाणी आहे, पाण्याच्या पलीकडं गुंडू आहे आणि कोपऱ्यात एक गुलाबी डाग आहे. गुंडूला या वेळी डोकं आलंय. पण ऐका. शनिवारी हे फोटो आणायला गेले आणि साडेदहाला गॅलरीतल्या घमेल्यात ती सातही फुलं माझ्यासमोर उघडली. आवाज नाही, काही नाही, एकेक पाकळी सुटत गेली. दुपारी मिटली, दुसऱ्या दिवशी परत उघडली. तीन दिवस मी खुर्ची टाकून बघितली. यांना सांगितलेलं नाही. हे घरी यायच्या वेळी मी घमेल्यावर सूप झाकत होते. कॅमेऱ्याचे पैसे मी भरीन. तुम्ही फक्त फोन करून फोटोला “वा” म्हणा. पोहता न येणारा माणूस माझ्यासाठी कमरेएवढ्या पाण्यात उतरलाय.